मापाच्या वहीतली भाजी

बोरीहून निघालो त्या सकाळी काळीपिवळी भरायला पाऊण तास लागला. दारव्ह्याची जीप दहा-बारा डोकी झाल्याशिवाय हलत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्या पाऊण तासात माय तीनदा म्हणाली, "उपाशी नको राहू."  बाबांनी माझ्या शर्टाची कॉलर दोनदा सरळ केली. शर्ट त्यांनीच शिवला होता, कॉलर मुळातच सरळ होती. जीप सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचला की फोन करजो." पुढे पुण्याच्या गाडीत, कारंजा गेल्यावर मी मायचं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर आणि कण्या घातलेली अंबाडीची भाजी. पुण्याच्या नोकरीच्या नादात मी ती नीट चवीनंही खाल्ली नाही.

बोरीत जे राहिले त्यांना आमचं दुकान माहीत आहे, पण जे लहानपणीच बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या खोलीत बाबांचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत मायचा स्वयंपाक, मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे बाबा फक्त जेवायला जायचे. भाजीत मीठ किती घातलं असं विचारलं की माय म्हणायची, "अंदाजानं." ह्या शब्दावर बाबांचा भारी राग. "मी अंदाजानं शिवलं असतं, त अर्धी बोरी उघडी फिरली असती," असं म्हणायचे आणि दुसरी भाकर मागायचे. त्यांचं सगळं काम मापाच्या वहीवर चालायचं. गिऱ्हाइकाचं नाव, त्याखाली छाती, कंबर, उंची, बाही. वही जुनी झाली तरी फेकायचे नाहीत, माणूस जाडा झाला की बारीक हे त्यातून कळतं म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी माय गेली. चार दिवसांच्या तापात गेली, कोणाला काही कळायच्या आत. मी बाबांना पुण्याला घेऊन आलो. आठव्या दिवशी ते पिशवी भरून तयार. "इथं बसून काय करू? लिफ्ट मोजू?" मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. टू-बीएचकेत आम्ही तिघं पोरं राहायचो, बाबा हॉलमध्ये झोपायचे आणि ते मला बघवत नव्हतं.

सोडायला गेलो तेव्हा दारव्ह्याला त्यांना एक फोन घेऊन दिला. चालू करताना फोनने ईमेल मागितला. बाबांकडे कुठला ईमेल? ओटीपी, पासवर्ड, हे सगळं त्यांना कोण समजावणार, म्हणून मी माझाच टाकला. पाच मिनिटांत काम झालं. आपल्याकडची किती पोरं आईबापांचा फोन असाच चालू करून देतात. त्याचं पुढे काय होतं हे मला महिनाभराने कळलं.

ऑफिसात काहीतरी शोधायला मी सर्च उघडलं, तर जुन्या शोधांच्या यादीत सगळ्यात वर होतं: "एका मानसाले भात किती". आधी वाटलं रूममेटची मस्करी आहे. मग खाली खाली वाचत गेलो. "वरन करपलं त काय करा लागते". "भाकर थापता थापता फाटते काहून". "मीठ जास्त झालं उपाय". "कुकरची शिट्टी होत नाही". खातं एकच असल्यानं बाबांचे शोध माझ्या यादीत येत होते. बाबा एका बोटाने टाइप करायचे. फोनवर बोलून विचारता येतं हे मी शिकवलं होतं, पण पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाने ऐकलं तर, म्हणून त्यांना लाज वाटायची.

आणि मला फोनवर काय सांगायचे? "जेवलो ना राजा, मस्त जेवलो. बाजूची वहिनी डबा देते."

मी ऐकून घ्यायचो. यादी वाचतो आहे हे सांगितलं असतं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. एकदा मात्र राहवलं नाही. उगीच विषय काढला की माझा एक मित्र म्हणतो, ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवलं की भाकर फाटत नाही. बाबा म्हणाले, "मले काय करायचं त्याचं? मी काय भाकरी थापून राह्यलो?" दुसऱ्या दिवशी यादीत आलं: "भाकरीले उकळतं पानी किती". मी डेस्कवर एकटाच हसलो. समोर ॲपवरून मागवलेलं पनीर होतं.

मग ती मला सवयच लागली. सकाळी उठून आधी यादी बघायची. तिच्यावरून मला कळायचं की आज आलू आणले, आज बेसन सांडलं, आज दूध नासलं. घरी फोन करणं मात्र मी कमी केलं. सगळं कळतंच आहे असं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात मी कबूल केलं, पोळ्याला येतो. आमच्याकडे ना बैल ना शेत, पण पोळा हा बाबांच्या धंद्याचा सण. गावच्या बैलांच्या झुली तेच शिवायचे, आणि लहानपणी झुलींना गोंडे लावून देणं माझं काम. त्या आठवड्यात यादीत आलं: "अंबाडीची भाजी दोन मानसाईले". त्याच दुपारी परत: "अंबाडीत कन्या किती दोन मानसाईले". तिसऱ्या दिवशी: "अंबाडी आंबट जास्त झाली त काय करा". म्हणजे त्यांनी आधी एकदा करूनही पाहिली होती.

हे सगळं मी वाचलं होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. पोळ्याच्या दोन दिवस आधी मॅनेजर म्हणाला की सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, कोणी सुट्टी घेऊ नका. मी एकदाही तोंड उघडलं नाही. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "हो का. बरं. काम पाहाय आपलं." मग म्हणाले, "झुली बी यंदा चारच आल्या."

त्यानंतर यादीत त्यांचं काही आलं नाही. एक आठवडा, दोन आठवडे. मी रूमवर सांगितलं, "बाबा शिकले रे एकदाचे. आता विचारायची गरज पडत नाही." अगदी कौतुकाने सांगितलं.

दीड महिन्याने सलीमचाचांचा फोन आला. आमच्या शेजारी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. "बेटा मिलिंद, तू निकल. तुझे बाबा मशीनवरच पडले, त्याईले यवतमाळले घेऊन आलो." मी पोचलो तेव्हा बाबांनी मला ओळखलं. तिसऱ्या दिवशी गेले. अंगात काही उरलंच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. सलीमचाचा बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसून रडत होते. "पोळ्यापासून चाय-टोसवरच होते रे. मी डबा आणला त म्हणत, आत्ताच जेवलो. आणि माह्या घरचा डबा कधी भरलेला परत आला नाही, म्हणून मले वाटे खाते." डबे गल्लीतल्या कुत्र्याला जायचे, हे नंतर कळलं.

वहिनी डबा देते हे मला सांगायचे, आणि डबा खरंच आला तेव्हा खाल्ला नाही. त्यांना जेवायला कोणीतरी सोबत हवं होतं. ते कोणीतरी मी होतो आणि मी पुण्यात बसून यादी वाचत होतो. याचा अर्थ मी कसाही लावून पाहिला तरी तो दुसरा लागत नाही.

सगळं आटोपल्यावर मागच्या खोलीत गेलो. ओट्यावर मापाची वही होती. पहिली पानं गिऱ्हाइकांची, छाती अडतीस, बाही साडेतेवीस. मग मध्येच, त्याच वळणदार अक्षरात: "भात, एक माणूस: अर्धी वाटी. पाणी एक वाटी." "भाकर: घेर बावीस." त्यांनी टेप लावून भाकर मोजली होती! शेवटचं लिहिलेलं पान माझ्या नावाचं. मिलिंद. खाली अंबाडी एक जुडी, कण्या दीड मूठ, लसूण आठ पाकळ्या, तिखट कमी. गिऱ्हाइकाला कपडा दिला की बाबा त्या पानावर तिरकी रेघ मारायचे. माझ्या पानावर रेघ नाही.

घराची चावी सलीमचाचांकडे असते. ते अधूनमधून मशीनवरची धूळ झटकतात आणि मला तसं कळवतात. लोक विचारतात, गावाकडे घर आहे ना अजून? आहे म्हणतो. विटामातीचं आहे, दार आहे, कुलूप आहे. पण माझी कॉलर सरळ करायला त्या दारात आता कोणी उभं राहत नाही, आणि जिथे कोणी वाट पाहत नाही तिथे जाऊन मी काय करू?

परवा रूमवर एकटाच होतो. तांदूळ काढला आणि पाण्याचं प्रमाण बघायला फोनवर "एका" एवढंच लिहिलं. खाली लगेच आलं: "एका मानसाले भात किती". शेजारी ते पुसून टाकायची छोटी फुली होती. मी तिला हात लावला नाही, लिहिलेलं "एका" खोडून "दोन" लिहून पाहिलं. काहीच आलं नाही, कारण बाबा "दोन" शेवटी लिहायचे. मग "अंबाडी" लिहिलं, आणि ते आले. तिन्ही शोध, एकाखाली एक. फोन बदलला तरी ते माझ्याबरोबर येतील, याची मी खात्री करून घेतली आहे. घर म्हणून माझ्याकडे आता एवढंच आहे.

मग उठून अर्धी वाटी तांदूळ धुतला, एक वाटी पाणी घातलं. बाबांचं माप चुकत नाही. एका माणसाला बरोबर झाला.