मोठेबाबांनी पास केलेली गल्ली

भंडारा जिल्ह्यात आजवर जेवढी घरं बांधली गेली, त्यांतल्या निम्म्या घरांत माझ्या बायकोच्या मोठेबाबांनी खोट काढलेली आहे, आणि उरलेली निम्मी त्यांनी अजून पाहिलेली नाहीत. मोठेबाबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. उंची सहा फूट, अंगावर हाडांवाचून फारसं काही नाही, आणि शर्टाच्या खिशात कायम एक घडीची मोजपट्टी. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ते तपासणी खात्यात होते. तिथे ते नक्की काय तपासत, हे त्यांनी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. विचारलं की "ते सांगाचं नसते" एवढंच म्हणतात आणि विचारणाऱ्यालाच वरपासून खालपर्यंत तपासून घेतात. निवृत्तीनंतर ते शहापूरला राहायला आले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. लग्नाच्या पंगतीत पानात पडलेली पुरी ते आधी उजेडाकडे धरून बघतात. बाजारात वांगी घेताना एकेक वांगं कानाशी नेऊन वाजवतात. माझ्या लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला अंगणात दोनदा चालायला लावलं होतं आणि सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "डावा पाय जरासाक फेकते, पन चालून जाईन."

तर असे हे मोठेबाबा आमच्यासाठी वस्ती शोधायला निघाले, त्याला कारण झाला आमचा जिना. आम्ही भंडाऱ्यात भर बाजारात, एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. माझं ऑफिस जवळ, भाजी जवळ, सगळं जवळ. फक्त जमीन लांब. एके दिवशी दीड वर्षाचा ओम जिन्याच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या फळीखालून सरकला आणि पाच पायऱ्या गडगडत खाली गेला. कपाळाला दोन टाके पडले. त्या दिवशी सुषमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, जेवणाचं ताट समोर ठेवता ठेवता सांगितलं, "जूनच्या आधी मले अंगन पाहिजे. नाई तर मी लेकरं घेऊन माहेरी जातो." माहेरी ही बातमी त्याच दिवशी पोचली, आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या बसने मोठेबाबा आमच्या दारात हजर झाले.

मला वाटलं होतं, गावाबाहेरच्या दोनचार लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्या, बघायच्या, भाडं परवडेल ते घर घ्यायचं आणि सामान हलवायचं. पहिल्याच वस्तीत माझा हा गैरसमज दूर झाला. स्कूटरवरून उतरल्या उतरल्या मोठेबाबा ऐन चौकात उकिडवे बसले. मला वाटलं चप्पल तुटली. पण ते तसेच बसून, मान वळवून वळवून चारी दिशांना पाहत होते.

"मोठेबाबा, काय झालं?"

"राहाले लेकरं येनार हायत ना इथं? मंग लेकराच्या उंचीवरून पाहा लागते. उभं राहून पाहान तर तुमाले बालकन्या दिसन. बसून पाहा. काय दिसते?"

मी आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही हे बघून घेतलं आणि बसलो. तिथून गाड्यांची चाकं दिसत होती, झाकण नसलेली नाली दिसत होती, आणि प्रत्येक फाटकाखालून एकेक कुत्र्याचं नाक दिसत होतं.

"रिजेक्ट," मोठेबाबा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात देऊन उठले.

त्यानंतर दोन महिने आम्ही भंडाऱ्याच्या चहू बाजूंच्या वस्त्या बसून पाहिल्या. माझी साडेचार वर्षांची लेक स्वरा मोजमापासाठी सोबत लागे. मोठेबाबांच्या परीक्षा अनेक होत्या. किराणा दुकानात ते स्वराच्या हातात दहाची नोट देऊन तिला एकटीला बिस्किटाचा पुडा आणायला पाठवत आणि स्वतः विजेच्या खांबामागे उभे राहून बघत. दुकानदारानं मोठ्या माणसांना आधी दिलं आणि लेकराला तिष्ठत ठेवलं, की वस्ती नापास. त्या दोन महिन्यांत स्वरानं इतकी बिस्किटं खाल्ली की ती घरी वरणभाताकडे बघेना. दुसरी परीक्षा वाळत घातलेल्या कपड्यांची. गल्लीतून चालताना मोठेबाबा दोऱ्यांवरची झबली, चड्ड्या, फ्रॉक वाचत जात. "या लाइनीत पाच वर्साखालची चार लेकरं हायत. स्वराच्या जोडीची एक. बाकी समदी म्हातारी." हे ते इतकं मन लावून करत, की एकदा एका बाईनं गच्चीवरून ओरडून विचारलं, "ओ बाबाजी, काहून पाहून राहिले आमच्या कपड्याईकडं?" मोठेबाबांनी शांतपणे वर बघून विचारलं, "निळा फ्राक किती वर्साच्या पोरीचा हाय?" पुढची पाच मिनिटं मी त्या बाईला काय काय समजावून सांगितलं ते मलाच आठवत नाही. स्कूटर मात्र मी त्या दिवशी ढकलतच पळवली, सुरू करायलाही थांबलो नाही.

हायवेच्या बाजूला मला एक घर फार आवडलं होतं. नवंकोरं, पुढे अंगण, मागे मोरी, भिंतींना पिस्ता रंग. मोठेबाबा भर दुपारी तिथे बसले आणि म्हणाले, "झाड कुठं हाय? दोन वाजता लेकरानं खेळाचं कुठं, फ्रीजमंदी?" तेही रिजेक्ट झालं, आणि आठ दिवसांत दुसऱ्या कोणीतरी घेतलं. त्या दिवशी सुषमा माझ्यावर भडकली. "मोठेबाबाईच्या नादी लागून जून येऊन राहिला. त्यायनं जल्मात काई पास केलं हाय का?" ओमला तिनं तोवर पलंगाच्या पायाला ओढणीनं बांधून ठेवायला सुरुवात केली होती, लांब दोरी देऊन. तो आपला दोरी पुरेल तेवढा फिरायचा आणि दोरी संपली की उभा राहून जिन्याकडे बघायचा.  मी ठरवलं की आता शेवटची एक वस्ती बघायची, आणि मोठेबाबा काहीही म्हणोत, मी हो म्हणून टाकायचं.

ती वस्ती गावाच्या कडेला होती. एका बाजूला बोडी, म्हणजे लहान तळं, पलीकडे धानाची रिकामी खाचरं, इकडच्या भाषेत बांध्या, आणि अलीकडे वीसेक घरांची एकच गल्ली. एप्रिलचे दिवस, सकाळच्या शाळा. शाळेत जाणारी मुलं बघायची म्हणून मोठेबाबा शहापूरहून अंधारातच निघाले होते. साडेनऊला ऊन चटके देऊ लागलं, तरी त्यांची तपासणी संपेना. कपडे वाचून झाले, स्वराला बिस्किटांसाठी दुकानात पाठवून झालं. शेवटी ते गल्लीच्या मध्यावरच्या कडुलिंबाखाली बसले. मी थोडा लांब उभा राहून ऑफिसचे निरोप वाचत होतो. एकदा मान वर करून पाहिलं तर ते खोडाला टेकले होते. चांगलंच बारकाईनं बघतायत, असं वाटून मी पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

समोरच्या घरातून एक बाई धावत बाहेर आली. दोन्ही हात पिठाने भरलेले. तिनं मोठेबाबांच्या गालावर थापट्या मारल्या आणि माझ्याकडे वळून ओरडली, "अवो भाऊ! तुमचेच होत ना हे? पाहून काय राहिले? बेसुद पडून राहिले ना ते! शुगर हाय का यायले?"

शुगर होती. सकाळी गोळी घेऊन, पोटात अन्नाचा कण न घालता ते निघाले होते, हे मला मागाहून कळलं. त्या बाईला, मंगलाबाईंना, ते एका नजरेत कळलं होतं, कारण त्यांच्या सासूचंही असंच होई. त्यांनी कोणाला तरी हाक मारून साखर मागवली आणि ओल्या बोटानं ती मोठेबाबांच्या गालाच्या आतून चोळू लागल्या. एका म्हाताऱ्यानं डोक्यावर छत्री धरली. पलीकडच्या घरातला माणूस लुंगीवरच गाडी काढून आला. चौघांनी मिळून मोठेबाबांची लांबलचक काया मागच्या सीटवर दुमडून ठेवली, आणि मी पुढे बसलो.  माणूस जमिनीवर कोसळतोय आणि मी तो तपासणी करतोय असं समजून उभा, ही गोष्ट मी सुषमाला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत साखर दिली म्हणून बरं झालं. मी भिंतीला टेकून श्वास सोडला, आणि तो सोडता सोडता मला आठवलं. स्वरा!

स्वरा दुकानात गेली होती. मी तिला तिथेच सोडून आलो होतो. अनोळखी वस्तीत, बोडीच्या काठावर, साडेचार वर्षांच्या पोरीला. फोन करायचा तर तिथल्या एकाही माणसाचा नंबर माझ्याजवळ नव्हता. मी पायऱ्या उतरून रस्त्याकडे धावलो तेव्हा तो लुंगीवाला गाडीला टेकून फोनवर कोणाशी तरी बोलत होता. त्यानं मला हातानं थांबवलं. "पोरीसाठी पळून राहिले का? ते आमच्या घरी हाय ना. दुकानदारानंच आणून देल्ली. टरबूज खाऊन राहिली. घ्या, बोला."

फोनमधून स्वराचा भरल्या तोंडाचा आवाज आला. "बाबा, इथं मांजरीले पिल्लं झाले. तुमी जरा उशिरा या." मी रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, खाली बसलो. रडलो की हसलो, मला सांगता येणार नाही.  त्या माणसानं गाडीतली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

संध्याकाळी मोठेबाबा उठून बसले. मोठी आई, त्यांची बायको, शहापूरहून येऊन कॉटच्या पायथ्याशी बसली होती आणि त्यांचे पाय दाबत होती. मंगलाबाई डबा घेऊन आल्या. मोठेबाबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि हाताला सुई असतानाच चौकशी सुरू केली.

"मी पडलो तवा तुमी किती वेळात आल्या?"

"घड्याळ कोन पाहाते बाबाजी? पोयी तव्यावर होती, ते जळली एवढं खरं."

"तुमच्या इथं घर खाली हाय का?"

"बाजूचंच हाय. पन खरं सांगू का, नळाले धार नाई. सकाळी भरून ठेवा लागते. आन पावसात दाराशी चिखल होते. लेकरं आत-बाहेर करतीन तर दिवसभर फरशी पुसा लागन."

मोठेबाबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण डोळे नेहमीचेच. "जवाईबापू, बत्तीस वर्सं म्या माल पाहाला. सोताची खोट सोताच सांगनारा माल म्या पहिल्यांदा पाहून राहिलो. पास करा." त्यांच्या तोंडून तो शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला. मोठी आईचे हात क्षणभर थांबले. बहुधा तिनंही पहिल्यांदाच ऐकला असावा.

मेअखेरीस आम्ही सामान हलवलं. नळाला धार खरंच नाही, आणि चिखल मंगलाबाईंनी सांगितला त्याहून जास्त होतो. पण ओम दिवसभर मोकळा असतो. संध्याकाळी तो ज्या घरात सापडेल तिथून कोणीतरी त्याला जेवू घालून, पाय धुऊन आणून देतं. सुषमा आता शेजारणींशी बोलताना वस्ती आपणच शोधली असं सांगते, आणि मी दुरुस्त करत नाही.

परवा धानाची रोवणी आटोपल्यावर मोठेबाबा आणि मोठी आई दिवसभरासाठी आले होते. आताशा ती त्यांना एकटं कुठे जाऊ देत नाही. पदरात शेंगदाण्याचा लाडू बांधून सोबत हिंडते. दुपारच्या चहानंतर ती पायरीवर बसली. समोरच्या बांध्या हिरव्यागार झाल्या होत्या, बोडीवर बगळे उतरले होते, गल्लीतल्या दोन बायका तिच्याशी येऊन बोलून गेल्या. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बेस जागा हाय."

मोठेबाबा दारात उभे होते.  फॅक्टरीत असताना त्यांची तीन क्वार्टर झाली. जे मिळालं त्यात मोठी आईनं चूल मांडली. शहापूरचं घर तर वडिलोपार्जित जागेवर, त्यात निवडायचं काय होतं? ते हळूच तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"तुले कुठं राहाचं हाय," त्यांनी विचारलं, "हे म्या कधी इचारलंच नाई. नाई का?"

मोठी आईनं त्यांच्याकडे पाहिलं. हसली. "आता कायले? शहापूरले माहा मोगरा हाय, म्हैस हाय. त्याईले कोन पाहीन?"

"तरी पन. म्या इचारून राहिलो."

"हव," ती म्हणाली. "आयकलं म्या."

 साडेपाचच्या बससाठी मी स्कूटर काढली, तर मोठेबाबा म्हणाले, राहू द्या, आमी चालत जातो. मी फाटकाशी उभा राहून पाहत होतो. गल्लीच्या टोकापर्यंत मोठी आई दर घरापाशी थांबत होती, फुलं बघत होती, कुंपणावरून काहीबाही विचारत होती. आणि बस चुकेल अशी वेळ होऊनही मोठेबाबा तिला चल म्हणत नव्हते.