राजदूताला नाही म्हणायला गेलो

सांगलीहून निघताना बायकोने पिशवीत भडंगाचा पुडा घातला आणि दारातच माझ्याकडून वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. "काका, खोली आहे, पण जिना तुम्हाला झेपणार नाही." चोपन्नाव्या वर्षी एक वाक्य पाठ करून मी अर्धा देश ओलांडायला निघालो होतो.

नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. परराष्ट्र खात्यात गेले, तीन देशांत राजदूत झाले, निवृत्तीनंतर राज्यसभा आणि दीड वर्ष राज्यमंत्रिपद. त्या दीड वर्षात "काकांना सांगतो" म्हणत मी निम्म्या गल्लीची कामं अडवून ठेवली होती. पुढे मंत्रिपद गेलं. मूलबाळ नव्हतं, म्हणून ते काकूंच्या माहेरी चंदीगडला जाऊन राहिले. तिथे काकूही वारल्या. आणि मी निघण्याच्या दोन महिने आधी त्यांचं पत्र आलं: तुमच्या मागच्या खोलीत मला राहता येईल का?

पत्रातून नाही म्हणणं बरं दिसत नाही, असं आम्हा नवराबायकोचं ठरलं. ठरेपर्यंत दोन महिने गेले. मग मी फोन करून फक्त "येतोय" म्हणालो. ते म्हणाले, "ये. पत्ता पत्रात आहे."

चंदीगडच्या विमानतळावर टॅक्सीवाल्याला पत्र दाखवलं. त्यावर छापलेला पत्ता सेक्टर बत्तीसचा. रस्ते इतके सरळ की आमच्या सांगलीच्या माणसाला चुकल्यासारखं वाटावं. घराला कुलूप होतं. शेजारी एक सरदारजी पाइपने झाडांना पाणी घालत होते.

"अँबेसेडर साब? वो तो कब के गए जी. एयरपोर्ट के पास, एयरोसिटी."

"मैं एयरपोर्ट से ही आ रहा हूँ."

"तो जी, उधर से इधर किसलिए आए?"

पत्र पुन्हा उघडलं. छापील पत्त्यावर बारीक काट मारून पत्राच्या शेवटी काकांनी स्वच्छ अक्षरात नवा पत्ता लिहिला होता. दोन महिने पत्र घरात होतं. मी खोलीच्या ओळीपुढे काही वाचलंच नव्हतं.

एयरोसिटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. दार जसबीरने उघडलं. स्वयंपाक आणि काकांचं सगळं तीच बघते. "आओ जी, साब जी सवेर दे उडीक रहे ने" (सकाळपासून वाट बघताहेत). सगळीकडे बांधून ठेवलेली खोकी. तिसरा मजला काका रोज चढतात, लिफ्ट बंद असते, हेही तिनेच सांगितलं. माझं वाक्य तिथेच अर्धं मेलं.

काका कोट घालून बसले होते. जेवायला मला त्यांनी उजव्या हाताला बसवलं. ती मुख्य पाहुण्याची जागा. कढी-चावल, मुळा, शेवटी पिन्नी (कणकेचा तुपातला लाडू). भडंग त्यांनी बशीत काढायला लावलं आणि चमच्याने खाल्लं.

"काका, ती खोली..." मी सुरुवात केली.

"बंडू, कढी घे." मग नॅपकिनने ओठ टिपत म्हणाले, "आमच्या खात्यात एक पद्धत आहे. परक्या देशात राजदूत पाठवायचा तर आधी त्या देशाला गुपचूप नाव कळवायचं. नको असेल तर ते नाही म्हणत नाहीत. उत्तरच देत नाहीत. महिना-दोन महिने वाट बघायची आणि समजून घ्यायचं. कोणाचा अपमान नाही."

मी कढी वाढून घेतली.

"मंत्रिपद गेलं तेही तसंच. शपथविधीच्या सकाळी फोन वाजला नाही, एवढंच. तुझी काकू दोनदा रिसीव्हर उचलून बघत होती, लाइन चालू आहे का."

"मग आता?"

"आता दुसरा देश. चल, दाखवतो."

जसबीरच्या भावाच्या गाडीतून आम्ही शहराबाहेर मुल्लानपूरला गेलो. गव्हाची शेतं, मधेच क्रेन, उगवल्यासारखे टॉवर. त्यांत एक नवा वृद्धाश्रम. खोलीत पलंग, कपाट, खिडकीबाहेर उकरलेली माती. काकांनी कपाट उघडून पुन्हा लावलं. "बरी आहे ना?"

"छान आहे," मी म्हणालो. आणि लाज वाटायच्या आधी मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा ते तीन मजले उतरून फाटकापर्यंत आले. मी नको म्हणालो. "पाहुण्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत यजमानाने हलायचं नाही," ते म्हणाले. "नोकरीतला पहिला धडा." रिक्षा निघाली. मी मागे वळून बघत होतो. कोट, वर केलेला हात. रस्ता एवढा सरळ, की वळण येता येईना. ते उन्हात उभेच.

घरी बायकोने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगावं लागलं नाही."

तिने काकांनी दिलेला पिन्नीचा डबा फडताळात ठेवला. मग म्हणाली, "जिना तरी आपला किती? अकरा पायऱ्या." आठव्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिलं, मुल्लानपूरच्या पत्त्यावर: काका, खोली रंगवली आहे, या. पोचल्याची पावती आली, त्यावर त्यांचीच सही आहे.

त्याला आता तीन महिने झाले. काकांनी उत्तर दिलेलं नाही. ती पद्धत कशी वाचायची, ते त्यांनीच मला शिकवलं आहे. तरी बायको रोज दुपारी टपालवाल्याला विचारते, आणि मी तिला विचारू देतो.