न दळलेला गहू

कामतघरचे केसरीनाथ वीस वर्षं सायझिंगच्या कारखान्यात सुताला लावायची खळ शिजवत होते. खळ नीट बसली तरच लूमवर धागा टिकतो. १९८९ साली त्यांना कळलं, की कापड विणून झालं की एक औषध टाकून ती सगळी खळ विरघळवतात. ते त्यांना जरा लागलंच. त्या औषधाच्या डब्यावरचं नाव त्यांनी बघून बघून कागदावर उतरवलं आणि बीएस्सीला असलेल्या ज्योत्स्नापुढे धरलं.

“अमायलेज,” तिने वाचलं. “हे आपल्या थुंकीतही असतं, बाबा. नाव मात्र जुन्या ग्रीक भाषेतून आलंय. अमायलॉन म्हणजे न दळलेलं. ते लोक गहू जात्यावर न घालता भिजवून त्याचं सत्त्व काढायचे, म्हणजे तुमच्या खळीतला स्टार्चच.”

अंगणात तिची आई पार्वती कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक गाळत होती. तिने मान वर केली. “मंजे चीकच की. आनि तिकडं पिळायला कोन बसायचं?”

“बायकाच असतील, आई.”

तीन दिवसांच्या आंबट पाण्याने पार्वतीची बोटं पांढरी पडली होती. केसरीनाथांनी ती आज पहिल्यांदाच नीट पाहिली. ते सदरा काढून तिच्याशेजारी बसले.

“दे गो इकडं,” ते म्हणाले, “तू जरा हात पूस.”