देवीपुढे काढलेले बूट

कप आधी खाली ठेवा बरं! हे ऐकताना चहा सांडला तर आमच्या गालिच्याचं काही खरं नाही. माणसाने जर्मनीत केस पांढरे करावेत आणि भर फ्रँकफर्टमध्ये असा घोळ घालावा? मी घातला!

झालं असं, की आमच्या लेकीने, सईने, योनास नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा सोन्यासारखा. पण त्याचे वडील, लिंडनर सर, शाळेत प्राचीन ग्रीक शिकवतात. मी र्युसेल्सहाइमच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासणारा माणूस. या व्याह्यांशी बोलायचं तरी काय? त्यांनीच तोडगा काढला. पहिली भेट म्युझियममध्ये, ग्रीक मूर्ती बघायला!

मी आणि माझी बायको वसुधा निघताना सईने बजावलं, "बाबा, बिटे, प्लीज, त्यांच्यासमोर काही पाइनलिश करू नकोस." म्हणजे लाजिरवाणं काही! आणि मी?

दारातच लिंडनर सर सुरू झाले, "नाटक ग्रीकांचं, ऑलिम्पिक त्यांचं, लोकशाही त्यांची. त्या समोरच्या बँकेचे खांब बघा, तेही त्यांचेच!"

मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत मान हलवत होतो. मग ते आणि आमची वसुधा कोट ठेवायला गेले. मी कोट आणलाच नव्हता, म्हणून पुढे सटकलो.

आणि तिथे मी थक्क झालो हो! कुणाला नाक नाही, कुणाला हात नाही, तरी त्या देवांचा रुबाब काय! दगडाच्या वस्त्राला चुण्या पडलेल्या, आणि त्या चुण्यांखाली गुडघा जाणवतोय. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी हे हातांनी घडवलं! मी चक्क गप्प झालो. हे किती दुर्मीळ आहे, वसुधाला विचारा.

आता आपला हिशोब साधा. खंडित मूर्तीची पूजा होत नाही, म्हणून ती म्युझियममध्ये. पण मी वळलो, आणि समोर ती उभी! धडधाकट, रंगवलेली. लालनिळं वस्त्र, डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला, छातीवर हिरवे साप. डोळे तर थेट माझ्यावर रोखलेले. अंगावर सर्रकन काटा आला. अखंड मूर्ती, ताजा रंग... म्हणजे इथे पूजा चालू आहे!

मी बूट काढले. डोळे मिटून हात जोडले. "आई, माझ्या सईचं लग्न निर्विघ्न पार पाड. वसुधा तुझी खणानारळाने ओटी भरेल."

डोळे उघडले, तर शेजारी एक जर्मन आजोबा वाकून बुटाची नाडी सोडतायत! त्यांच्यामागे दोन बायका.

"इथे बूट काढायचे असतात का?" एकीने हळूच विचारलं.

आता नाही कसं म्हणायचं? "गेनाऊ!" म्हटलं.

झालं! हा देश नियमाने चालणारा. बघता बघता भिंतीलगत बुटांची रांग लागली, तीही पट्टीने आखल्यासारखी. सगळे मोज्यांवर!

रखवालदार धावत आला. "हे काय चाललंय?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आणि नेमके तेव्हाच लिंडनर सर आले, मागे वसुधा!

संपलं, म्हटलं. लेकीचं लग्न बापाच्या मोज्यांपायी मोडलं! धीर करून सगळं सांगितलं.

"ही तर नवी प्रतिकृती आहे," लिंडनर सर म्हणाले. "मूळ मूर्ती अशा रंगीत असत, एवढं दाखवायला बनवलेली."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "ग्रीक लोक हेच करत. देवीला वस्त्र नेसवत, नैवेद्य ठेवत, नवस बोलत. मी हे जन्मभर फळ्यावर शिकवलं. डोळ्यांनी आज पाहिलं."

आणि त्यांनी वाकून स्वतःचे बूट काढले! कुठली ती देवी, कुठले आम्ही, आणि दोन व्याही तिच्यापुढे मोज्यांवर उभे!

"नवस कशासाठी बोललात?" त्यांनी विचारलं.

"मुलांचं लग्न पार पडावं म्हणून!"

लिंडनर सर हसत हसत भिंतीला टेकले. "ही अथेना! हिने स्वतः कधी लग्न केलं नाही, करणारही नव्हती. असू द्या, लग्न आपण दोघं मिळून लावू."

वसुधाने कपाळावर हात मारला. "अहो, लेकीच्या लग्नाचं साकडं घालण्याआधी, देवीचं तरी लग्न झालंय का, एवढी चौकशी करायचीत!"