पद्माबाई आणि तिच्या बोलक्या विटा

शिरड शहापूरजवळच्या तांड्यावर पद्माबाईचं विटांचं घर आहे. बाहेरून ना गिलावा, ना रंग. आल्यागेल्याला वाटायचं, काम अर्धवट राहिलं. तसं काही नव्हतं. बाईलाच विटा झाकायच्या नव्हत्या.

वीस वर्षं तिने आणि नवऱ्याने, हरिचंदने, पूर्णेकाठच्या भट्ट्यांवर लोकांसाठी विटा थापल्या. नव्व्याण्णव साली मातीत विटा रचून स्वतःचं घर बांधलं, आणि दोन वर्षांत हरिचंद गेला. तेव्हापासून दर दिवाळीआधी पद्माबाई घराभोवती फेरी घालायची. डोळे मिटून वाकवलेल्या बोटाने एकेक वीट वाजवायची. खणकन वाजली तर पक्की. भद्द वाजली तर कमी भाजलेली, पावसात विरघळणारी. तेवढी उकरून काढायची, दुसरी बसवायची. शेजारणी हसायच्या. हसोत बापड्या! बाई तेव्हा तांड्यावर असायचीच कुठे? त्या टकटकीत पूर्णेचं पाणी हलायचं, भट्टीची ऊब गालाला लागायची, आणि भिंतीपलीकडे हरिचंद ओली माती तुडवतोय असं वाटत राहायचं. एवढ्याशा घराच्या फेरीला दोन दिवस लागायचे.

मुलगा योगेश सारखा म्हणायचा, “याडी, गिलावा करून टाकू.” तांड्यावर आईला याडी म्हणतात. ती भडकायची, “झाकल्यावर मला ऐकू येईल व्हय?”

पुढे त्याने तो विषय सोडला. बाईला बरं वाटलं, कारण तोवर तिला खरंच ऐकू येईनासं झालं होतं. आधी भद्द आवाज हरवला, मग खणकनही. कळलं तर पोरगं दुसऱ्याच दिवशी सिमेंट आणेल, या धाकाने ती नुसतीच बोट वाजवत फिरायची. दोन पावसाळे एकही वीट झडली नाही. हरिचंदच राखण करतोय, अशी तिने मनाची समजूत घातली.

दोन हजार आठच्या दिवाळीआधी मात्र दाराजवळची वीट वाजवताना तिचं बोट थांबलं. ही भिंत उद्या पोराच्या अंगावर आली तर? तिने योगेशला हाक मारली.

“कर गिलावा. मला ऐकू येत न्हाई रे आता.”

योगेश वाकला, तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, “ठावं हाय मला. दोन वर्षं झाली. तू जवळा बाजार गावाला गेली की मीच वाजवून राहिलो, कच्च्या बदलून राहिलो.”

“मंग सांगितलं काहून न्हाई?”

“तू तरी कुठं सांगितलं?”

पद्माबाईला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. जन्मात कुणी तिच्यासाठी एवढं गुपचूप काही केलं नव्हतं. मग तिने डोळे पुसले, बदललेली वीट दाखवायला लावली, कडेवरून बोट फिरवलं.

“वाकडी बसवली की रे,” ती म्हणाली, आणि दोघं ती वीट पुन्हा काढायला बसले.