दिलरुब्याची गत गिटारवर

वडिलांची बदली धुळ्याहून जळगावला झाली आणि माझे दिलरुबा शिकणे थांबले. वाद्य माझ्या गुरुजींचे, नानांचे होते. ते त्यांच्याच भिंतीवर राहिले. माझ्यापाशी उरली ती नानांनी बांधलेली भीमपलासीची गत. वाजवायला काही नसल्यामुळे ती बोटांच्या पेरांत ठुसठुसत राही.

जळगावच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये एका गार्डसाहेबांच्या पत्नी गिटार वाजवीत. आम्ही त्यांना मॅडम म्हणत असू. पियानोसाठी लिहिलेल्या रचना त्या स्वतः गिटारवर उतरवीत, आणि ते कसे करायचे हे त्यांनी मला मोडक्या हिंदीत शिकवले. तळाचा सूर ठेवायचा, माथ्याचा ठेवायचा. मधले ऐकणाऱ्याचा कान भरून घेतो. माझी अडचण उलटी होती. दिलरुब्याच्या गतीला तळ नव्हता, मधलेही नव्हते. सूर एकच, पण तारेवर गज चालेल तोवर जिवंत. गिटारचा सूर छेडताक्षणी मावळू लागे. कोमल गंधारावर नाना जिथे विसावत, तिथे माझ्या गतीला भोक पडे.

शेवटी मी चौथी मोकळी तार षड्ज मानली. पाचवीवर आपोआप खालचा पंचम आला. वर मध्यमावरून गंधारावर बोट न उचलता घसरायचे आणि सूर विझण्याआधी अंगठ्याने खालून षड्ज द्यायचा. मग गंधार अजून चालूच आहे असा भास होई.

गुरुपौर्णिमेला प्रत्येक शिष्याने नानांची एक रचना त्यांच्यासमोर सादर करावी, असा त्यांच्या घरचा रिवाज होता. जो चुकवी, त्याचे शिकणे संपले असे समजत. मॅडमचे बिऱ्हाड तेव्हा बांधले जात होते. ती माणसे कायमची परदेशी निघाली होती. गिटार त्यांच्या दिवंगत वडिलांची. उद्या सकाळी परत, एवढेच बजावून त्यांनी ती दिली. गोधडीत गुंडाळलेले ते लाकडी अंग मांडीवर घेऊन मी वडिलांसोबत धुळ्याच्या एस.टी.त बसले, आणि पारोळ्यापर्यंतचा प्रत्येक खड्डा माझ्या बरगड्यांनी झेलला.

नानांच्या बैठकीत ओलसर सतरंजीचा आणि कापराचा वास होता. आमच्यातल्या थोरल्या शिष्या, अक्का, गोधडीकडे बघून म्हणाल्या, “बाळंतपणाला आलीस का गं? दिवस भरलेले दिसतात.”

तंबोरा माझ्या गिटारपेक्षा तीन पट्ट्या वर लागलेला होता. नानांच्या तंबोऱ्याला कुणी हात लावत नसे. आपले वाद्य त्याच्याशी जुळवायचे. दिलरुब्याच्या खुंट्या आम्ही विचार न करता पिळत असू. तसेच मी पडवीत बसून गिटारच्या सगळ्या तारा चढवल्या. शेवटची तार जुळता जुळता लाकडातून बारीकसा ‘टक्’ आला. तारा ज्या लाकडी पट्टीला बांधलेल्या असतात, ती एका बाजूने पोटापासून सुटली होती. फटीत नख जात होते.

तारा उतरवल्या तर तंबोऱ्याशी मेळ सुटतो. षड्ज गिटारच्या दांडीवर तीन घरे वर सरकवला तर अंगठ्याच्या मोकळ्या तारा जातात आणि गतीला पुन्हा भोके पडतात. आणि असेच वाजवले, तर परक्या बाईच्या वडिलांची आठवण माझ्या मांडीवर दुभंगते.

आतून माझे नाव पुकारले गेले. मी नानांसमोर बसले आणि एकेक तार उतरवू लागले.

“हाई काय शे?” नानांनी विचारले.

पट्टी चिकटवलेला सरस सुटतोय, मी म्हणाले. वाद्य दुसऱ्याचे आहे, एवढा ताण सोसणार नाही.

नानांनी फटीवरून बोट फिरवले. मग तंबोरा मांडीवर ओढून ते त्याच्या खुंट्या सैल करू लागले.

“नाना, माझं गाणं बाकी आहे,” अक्का म्हणाल्या. “मी काय विहिरीतून गाऊ?”

“गा. पाणी शे तिच्यात.”

मी गत वाजवली. गंधार आला, अंगठा खाली गेला. गत संपल्यावर नानांनी माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवले.

“तिथं खालून काय देतेस?”

“षड्ज.”

“मी तो बांधला नव्हता.” मग ते म्हणाले, “राहू दे.”

मी वाकून नमस्कार केला. आनंद व्हायला हवा होता. पण माझे डोळे त्या फटीवर खिळलेले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या दारातच मी सगळे सांगून टाकले. त्या बांधलेल्या ट्रंकेवर बसल्या, पट्टीवर बोट टेकवले, आणि कशासाठी तारा एवढ्या ओढल्यास ते वाजवून दाखव, म्हणाल्या. त्यांनी सुटलेली कड अंगठ्याने दाबून धरली. मी गत सुरू केली. त्यांच्या अंगठ्याचा दाब लाकडातून माझ्या छातीपर्यंत पोचत होता, आणि गंधारापाशी येईतो तो उचलला तर जाणार नाही ना, या धास्तीतच मी मध्यमावरून खाली घसरू लागले.