मी सोळा हजार म्हणाले

मुलाखत संपत आली होती. एचआरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि अगदी सहज विचारलं, "वर्षाच्या पगाराची तुमची अपेक्षा काय आहे?"

मी काय केलं असेल? मनातल्या मनात पौंडाचे रुपये केले. एवढी शिकलेली मुलगी, केमिकल इंजिनिअरिंगची पदवी, वर लीड्समध्ये येऊन सेफ्टीची मास्टर्स, आणि त्या खुर्चीत बसून मी गुणाकार करत होते. माझे बाबा तारापूरला केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते. त्यांचा जन्मभराचा पगार माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि जो आकडा आला तो मला इतका मोठा वाटला, की तो मागताना ओशाळायला झालं.

"सोळा हजार," मी म्हणाले.

बाई हसल्या. "त्यात काहीच अडचण नाही," म्हणाल्या आणि चटकन उठून हात पुढे केला. त्या घाईवरूनच खरं तर मला समजायला हवं होतं.

कारखाना लीड्सच्या बाहेर, बसने चाळीस मिनिटांवर होता. तिथे पाय बनत. म्हणजे मटणाचे, चिकनचे, मैद्याच्या कवचातले पाय. आईला फोनवर सांगितलं, "अगं, पाय बनवायच्या फॅक्टरीत लागले," तर ती भारावून म्हणाली, "पुण्याचं काम आहे हो." तिला वाटलं, अपंगांसाठी लाकडी पाय बनवतात. तो गैरसमज दूर करायला मला एक आठवडा लागला, आणि दूर झाल्यावर ती बरीच खट्टू झाली.

मी एका काकूंच्या घरी खोली घेऊन राहत होते. काकू तरुणपणी लग्न होऊन इकडे आल्या, तीस-पस्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या आणि नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, इथेच जन्मलेली, कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, एचआरमध्ये नोकरीला. तिच्या मराठीत सगळेच पुरुष असत: मी, तिची आई, किटली. नोकरी लागल्याचं सांगायला मी पेढ्यांऐवजी दुकानातली बर्फी घेऊन आले, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "किती?"

"सोळा."

"त्यांनी ऑफर केला?"

"नाही, मीच म्हणाले."

तिने बर्फी परत डब्यात ठेवली. "तू वेडा आहेस का? यू नेव्हर गो फर्स्ट! त्यांचा बजेट वीसच्या वर असणार. तू का असा केला?"

"अगं, नोकरी तर लागली ना तिला," काकू म्हणाल्या.

"मम्मी, प्लीज! तुम्ही लोक असाच करता."

मला तेव्हा तिचाच राग आला. आनंदात मिठाचा खडा टाकायची काय गरज होती!

माझं पद होतं हेल्थ अँड सेफ्टी असिस्टंट. माझे वरिष्ठ त्याच कारखान्यात फिटर म्हणून लागलेले आणि चढत चढत सेफ्टी मॅनेजर झालेले गृहस्थ होते. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. सगळे त्यांना नावाने हाक मारत. मला ते कधीच जमलं नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने कशी हाक मारायची? म्हणून मी दोन वर्षं "एक्स्क्यूज मी" या नावाने त्यांच्याशी बोलले. ते मला "लव्ह" म्हणत. ते सगळ्यांनाच लव्ह म्हणत, अगदी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या दाढीवाल्यालासुद्धा.

काम मला आवडायचं. सकाळी बूट, पिवळं जाकीट, केसांवर जाळी घालून मी फ्लोअरवर फिरायची. कुठे तेल सांडलंय, कुठे आग विझवायच्या नळकांड्यासमोर पेट्या रचल्यात, कुणी ओव्हनपाशी हातमोजे न घालता उभंय, हे बघायचं, लिहून घ्यायचं, पुन्हा पुन्हा सांगायचं. सांगितलेलं कुणी ऐकायचं नाही, तो भाग वेगळा.

वर्षभराने आमच्या खात्यात आणखी एक असिस्टंट आली. पस्तिशीची इंग्लिश बाई. आधी पबची मॅनेजर होती, मग सेफ्टीचं एक सर्टिफिकेट करून या क्षेत्रात वळलेली. तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मोकळी होती, मन लावून शिकायची. एकदा कँटीनमध्ये तिने आपणहून विषय काढला.

"पबमध्ये जास्त मिळायचं मला. पण शनिवार-रविवार घरी असते, म्हणून एकवीसवर आले. तुला बराच जास्त असेल ना? तू मास्टर्स केलंयस."

मी घास गिळला. "तुला एकवीस कसे मिळाले?"

"मागितले," ती म्हणाली. एवढंच. जणू मीठ मागितलं होतं.

तिच्यावर रागवावं असं तिने काहीच केलं नव्हतं. उलट माझा चेहरा बघून बिचारी लाल झाली आणि तिने तिचं पुडिंग मला दिलं. ते पुडिंग मी खाल्लंही.

दुसऱ्या दिवशी मी एचआरच्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, तिच्याकडे सर्टिफिकेट आहे, तुमच्याकडे नाही. मी म्हणाले, माझ्याकडे मास्टर्स आहे. त्या म्हणाल्या, हो, पण ते सर्टिफिकेट नाही. मी सहा महिने शनिवारी क्लासला जाऊन ते सर्टिफिकेट केलं. त्यात शिकवलं ते सगळं मला आधीच येत होतं. पास झाल्याचा कागद घेऊन पुन्हा गेले. आता बाई म्हणाल्या, उत्तम, पण इंडस्ट्रीचा अनुभव कमी पडतो. मी म्हणाले, जिला मी शिकवते तिचा अनुभव माझ्यापेक्षा कमी आहे. त्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तुमचं वर्क परमिट आम्ही काढलं, हे विसरू नका."

खरंच त्यांनी काढलं होतं. ते विसरायची सोयच नव्हती. दर वेळी मी तोंड उघडलं, की ते परमिट पाटावर आणून मांडलं जायचं.

नोव्हेंबर उजाडला, की आमच्या कारखान्यात नाताळचे मिन्स पाय, म्हणजे सुक्या मेव्याचे गोड पाय, सुरू होत. तीन पाळ्या, लाइन चोवीस तास. मैद्याचा गोळा दाबून वाट्या करणारी जी प्रेस असते, तिला जाळीचं दार असतं. दाराला एक लोखंडी पट्टी असते. दार लावलं, की ती पट्टी स्विचच्या खाचेत बसते, तेव्हाच मशीन चालतं. दार उघडलं, की मशीन बंद. त्या सकाळी मी तिथून जात होते, तर जाळीचं दार उघडं आणि प्रेस धडाधड चालू. कुणीतरी सुटी पट्टी आणून खाचेत कायमची खुपसून ठेवली होती, म्हणजे मैदा अडकला तरी मशीन थांबवायला नको. लाइनवरच्या एक वयस्कर बाई हात आत घालून चिकटलेला मैदा बोटांनी ओरबाडत होत्या. प्रेस वर गेली की हात आत, खाली यायच्या आत बाहेर. तालात.

मी काही विचार केला नाही. लाल बटण दाबलं.

सगळी लाइन थांबली. सगळ्यात आधी त्या बाईच माझ्यावर ओरडल्या. मग प्रॉडक्शन मॅनेजर धावत आला. उंच, गोरा, आता जांभळा झालेला.

"कुणी दाबलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"विचारायला वेळ नव्हता. बाईंचा हात आत होता."

"त्या वीस वर्षं तसंच करतायत! सुपरमार्केटचा ट्रक अकराला येतोय, कळतंय का तुला?"

मी ती पट्टी खाचेतून ओढून काढली आणि खिशात टाकली. खिशावरचा हात मी काढला नाही. फिटर येऊन दार नीट बसवून गेला, त्याला पाऊण तास लागला. ट्रक उशिरा गेला. बाईंचा हात शाबूत राहिला, पण ती काही बातमी नव्हती. दोन हात असलेल्या माणसाकडे बघून कोण म्हणतं, वा, काय काम केलंत!

जानेवारीत वर्षाचं मूल्यमापन झालं. माझ्या फॉर्मवर लिहिलं होतं: संवादकौशल्यात सुधारणा हवी, लाइन बंद करण्यापूर्वी संबंधितांशी चर्चा अपेक्षित होती. पगारवाढीच्या रकान्यात महागाईपुरतं काहीतरी टेकवलं होतं. मी तो फॉर्म माझ्या वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. आवाज फार मोठा निघाला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही, लव्ह. मी लिहिलेलं खोडून त्यांनी हे लिहिलं." त्यांनी दार लावलं आणि अर्धं बोट टेबलावर ठेवलं. "मी एकोणीस वर्षांचा होतो. असंच मशीन. तेव्हा कुणी बटण दाबलं नाही." मग म्हणाले, "तू इथून जा. तू ज्या पगारावर आत आलीस, त्याच पगाराची म्हणून हे तुला कायम ओळखणार. मी इथे फिटर म्हणून आलो. अजूनही वरच्या मीटिंगमध्ये माझ्यासमोर नळ गळायच्या गोष्टी काढतात. रेफरन्स मी देतो."

जा म्हणणं सोपं होतं. नोकरी लावणाऱ्या एजंटांचे फोन येत, पण नव्या कंपनीला माझं परमिट काढावं लागेल म्हटलं, की बोलता बोलता थंड पडत. चार महिन्यांनी लंडनजवळच्या ब्रॅकनेलमधल्या एका आयटी कंपनीने बोलावलं. काकूंच्या मुलीने आदल्या रविवारी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि स्वतः मुलाखत घेणारी झाली. काकू भाजी निवडत बघत होत्या.

"युअर सॅलरी एक्स्पेक्टेशन?"

"अं... सव्वीस चालतील..."

"चालतील नको! तू भाजी घेतोय का? ट्वेंटी-एट बोल. अँड देन शट अप."

"ते गप्प राहिले तर?"

"तू पण गप्प. जो पहिला बोलेल तो हरला."

"काय बाई तरी," काकू म्हणाल्या, "लग्नाची बोलणीसुद्धा याहून बरी असतात."

ब्रॅकनेलला मी अठ्ठावीस म्हणाले आणि जीभ दातांखाली दाबून बसले. समोरच्या माणसाने विचार करायलाही वेळ घेतला नाही. "ठीक आहे," म्हणाला. म्हणजे इथेही कमीच मागितले! येताना ट्रेनमध्ये लंडनपर्यंत मी स्वतःशी भांडत आले.

पगार दुपटीच्या घरात गेला आणि काम? खुर्च्या. सहाशे माणसं, सहाशे खुर्च्या. कुणाची पाठ दुखते, कुणाचा स्क्रीन उंच, कुणाला खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो. मी टेप घेऊन टेबलांची उंची मोजत फिरायची. एकदा तीन खात्यांमध्ये आठवडाभर ई-मेल चालले, की किटली ज्या फडताळावर आहे ते धोकादायक आहे का. मी जाऊन किटली फडताळावरून उचलली आणि खाली ठेवली. त्याबद्दल मला कंपनीच्या मासिक बैठकीत टाळ्या मिळाल्या. मी रडावं का हसावं? फोनवर आई म्हणायची, "आता कसं, ऑफिसात बसतेस. छान झालं." बाबांनी मात्र एकदा विचारलं, "पण तिथे इजा होण्यासारखं आहे काय?" मी म्हणाले, काही नाही. "मग तू कशाला?" ते म्हणाले. मी चिडून फोन ठेवला.

दीड वर्ष काढलं. तेवढ्यात पायांच्या कारखान्यातून फोन आला. त्याच एचआरच्या बाई. माझे जुने वरिष्ठ रिटायर होत होते आणि त्यांनी जाताना माझंच नाव सुचवलं होतं. मॅनेजरची जागा. खरं सांगते, मला आनंद झाला. फ्लोअर, ओव्हन, तो मैद्याचा वास, सगळं हवं होतं.

"पगार?" मी विचारलं.

"सव्वीस. तुम्ही आमच्याकडे सोळावर होतात, त्या मानाने ही फारच मोठी उडी आहे."

"मला आत्ता अठ्ठावीस मिळतात. आणि जाहिरातीत तुम्ही बत्तीसपर्यंत लिहिलंय. माझ्यासमोर आहे ती."

"ते बाहेरच्या उमेदवारासाठी," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय, आपल्याच."

इतकी वर्षं मी त्यांची कधीच नव्हते. नेमकी त्या दिवशी झाले. मी म्हणाले, "नाही, थँक यू," आणि मग बराच वेळ ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले, कारण नाही म्हटल्यावर काय करायचं ते काही मी ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी जुन्या वरिष्ठांना फोन केला आणि नाही म्हटल्याचं सांगितलं. त्यांनी एक शिवी दिली, ती मला नव्हती. मग म्हणाले, ग्लासगोत एका हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं काम सुरू आहे, तिथल्या साइटवर त्यांच्या ओळखीचा एक जण सेफ्टी ॲडव्हायझर शोधतोय. तिथे कुणी अपेक्षा विचारली नाही. एकतीस, हवं तर घ्या, असा मामला होता. पगाराबद्दल मला एक अक्षरही बोलावं लागलं नाही याचंही मला वाईट वाटलं, कारण एव्हाना मला बोलता येऊ लागलं होतं.

दोन बॅगा घेऊन मी ग्लासगोला गेले. पहिल्या दिवशी परांचीवर उभ्या असलेल्या गवंड्यांना मी हेल्मेट घालायला सांगितलं. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. मला एक शब्दही कळला नाही. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा काहीतरी बोलले आणि सगळे खो खो हसले. मी तिथेच हाताची घडी घालून उभी राहिले. दहा मिनिटं गेली. शेवटी त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने कुरकुरत हेल्मेट चढवलं, मग बाकीच्यांनी. मी वहीत वेळ लिहिली आणि पुढच्या मजल्यावर गेले. तिथेही कुणाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.